आत यायला एक दार, बाहेर पडायला किती? सिंगल साइन-ऑनची समीक्षा



सिंगल साइन-ऑन म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे एक बटण येतं, 'गुगलने लॉगिन करा'. वेबसाइट कुठलीही असो, तिकीट काढायची, पुस्तकं विकायची, अभ्यासाची, ते बटण हल्ली असतंच. आज आम्ही या बटणाची समीक्षा करणार आहोत. नाटकाची करतात तशीच. रचना कशासाठी केली, कुठे जमली, कुठे फसली, हे पाहायचं. आमचं म्हणणं आधीच सांगून टाकतो, म्हणजे तुम्हाला मनातल्या मनात विरोध करायला सोपं जाईल. ही रचना आत येण्याच्या बाजूने अतिशय विचारपूर्वक केलेली आहे. बाहेर पडण्याच्या बाजूने ती अर्धवट राहिली आहे. आणि जे लोक ती आपल्या वेबसाइटवर बसवतात ते हा अर्धवटपणा तसाच पुढे नेतात, कारण बटण दाबल्यावर माणूस आत आला की काम संपलं असं सगळ्यांनाच वाटतं.

आधी व्यवहार समजून घेऊ. पूर्वी गावाकडून शहरात शिकायला येणाऱ्या मुलाजवळ ओळखीची चिठ्ठी असायची. 'हा आपल्या अमक्यांचा मुलगा, याची सोय करावी.' चिठ्ठी वाचणारा मुलाला ओळखत नसे, पण लिहिणाऱ्याचं अक्षर आणि सही ओळखत असे. इथेही तसंच आहे. वेबसाइट तुम्हाला ओळखत नाही, ती गुगलची सही ओळखते. तुम्ही बटण दाबता, वेबसाइट तुम्हाला गुगलच्या दारात नेऊन सोडते, पासवर्ड काय विचारायचा तो गुगल विचारतं, आणि तुम्हाला एक तात्पुरता संकेत देऊन परत पाठवतं. तो संकेत वेबसाइटचा सर्व्हर गुगलकडे परस्पर नेऊन देतो आणि बदल्यात सही केलेली चिठ्ठी घेतो. तिला आयडी टोकन म्हणतात. चिठ्ठी कोणी दिली, कोणत्या वेबसाइटसाठी दिली, कोणाबद्दल आहे, कधी लिहिली आणि कधीपर्यंत चालेल, हे सगळं तिच्यात असतं. तुमचा पासवर्ड मात्र त्या वेबसाइटला दिसतही नाही.

हे फार मोठं काम आहे, ते मान्य करूनच पुढे जायला हवं. एकच पासवर्ड वीस ठिकाणी वापरायचा, आणि त्यातल्या एखाद्या कच्च्या वेबसाइटने तो गमावला की वीसही कुलपं उघडी, हा प्रकार या रचनेने बराच आटोक्यात आणला. तेव्हा 'हे काढून टाका' असं आम्ही म्हणत नाही आहोत.

आता थोडं मागे जाऊ. अमेरिकेत एमआयटी या संस्थेत १९८३ साली प्रोजेक्ट अथेना सुरू झाला. विद्यार्थ्यांसाठी शेकडो संगणक, कोणीही कुठल्याही संगणकावर बसावं. तिथे कर्बेरॉस नावाची पद्धत तयार झाली, एकदा पासवर्ड द्या आणि मग छपाई, फायली, टपाल, सगळीकडे तिकिटावर चाला. आजच्या सिंगल साइन-ऑनची ही थोरली बहीण. तिच्यात एक गोष्ट लक्ष देण्यासारखी होती. तिकिटाला काही तासांचीच मुदत असे, आणि विद्यार्थी संगणकावरून उठला, लॉगआउट झाला, की तिकिटं नष्ट होत. कारण सरळ आहे, पाचच मिनिटांत त्या खुर्चीत दुसरं कोणीतरी बसणार हे रचना करणाऱ्यांना समोर दिसत होतं. गंमत नावाची आहे. ग्रीक पुराणात कर्बेरॉस हा पाताळाच्या दारावरचा तीन तोंडांचा कुत्रा. तो येणाऱ्याला आत येऊ देतो, बाहेर मात्र जाऊ देत नाही. अथेनातल्या कर्बेरॉसला हे नाव लागू पडलं नाही, त्याच्या वेबवरच्या भावंडांना मात्र चपखल बसतं.

वेबवर काय झालं? वेबवर 'उठून जाणं' ही गोष्टच हरवली. तुम्ही टॅब बंद केलात की लॅपटॉप मिटलात की नुसतेच चहाला गेलात, सर्व्हरला काही कळत नाही. त्यामुळे बाहेर पडण्याचा विचार मुद्दाम करावा लागतो, आणि मुद्दाम करायच्या गोष्टी मागे पडतात. २००५ साली सॅमल २.० हे प्रमाण आलं. विद्यापीठं आणि मोठ्या कंपन्या ते आजही वापरतात. त्यात 'सिंगल लॉगआउट' नावाचा भाग होता, कागदावर चांगलाच. प्रत्यक्षात तो बहुधा ब्राउझरला एका वेबसाइटकडून दुसरीकडे, दुसरीकडून तिसरीकडे हाकलत नेऊन चालतो. मधल्या एकीने उत्तर दिलं नाही की साखळी तिथेच तुटते, आणि माणूस अर्धा बाहेर, अर्धा आत अशा अवस्थेत एखाद्या कोऱ्या पानाकडे बघत बसतो. पुष्कळ ठिकाणी हा भाग चालूच करत नाहीत.

मग आलं ओपनआयडी कनेक्ट. आजची बहुतेक बटणं याच्यावर किंवा याच्या जवळच्या पद्धतींवर चालतात. त्याचा मुख्य मसुदा फेब्रुवारी २०१४ मध्ये अंतिम झाला. आत कसं यायचं ते त्यात सविस्तर आहे. लॉगआउटचे मसुदे अंतिम झाले सप्टेंबर २०२२ मध्ये. साडेआठ वर्षं! आता कोणी म्हणेल, मसुदे आधीपासून उपलब्ध होतेच, काही जण वापरतही होते. खरं आहे. पण घराच्या नकाशात पुढचं दार पक्क्या शाईने आणि मागचं दार साडेआठ वर्षं पेन्सिलने, यावरून घर बांधणाऱ्याच्या मनात काय महत्त्वाचं होतं ते समजतं. त्यातली एक लॉगआउट पद्धत तर ब्राउझरच्या पोटात लपलेल्या चौकटींवर आणि तिऱ्हाईत कुकीजवर विसंबून आहे. सफारीने २०२० पासून तिऱ्हाईत कुकीज सरसकट अडवायला सुरुवात केली. पाळत ठेवणाऱ्या जाहिरातदारांना आवर घालायला ते योग्यच होतं, पण त्याच फटक्यात लॉगआउटचा निरोप पोचवणारा पोस्टमनही दारातूनच परत गेला.

आता मुख्य गाठीकडे येऊ. ही एकदा नीट समजली की बाकीचं आपोआप कळतं. आपण 'लॉगिन' हा एकच शब्द वापरतो, पण बटण दाबल्यावर तीन वेगवेगळी नाती तयार होतात. पहिलं तुमचं आणि गुगलचं, त्या ब्राउझरमध्ये. दुसरं तुमचं आणि त्या वेबसाइटचं. चिठ्ठी वाचून झाल्यावर वेबसाइट तुम्हाला स्वतःचा बिल्ला देते, म्हणजे सेशन कुकी, आणि पुढे सगळं त्या बिल्ल्यावर चालतं, चिठ्ठी कोणी पुन्हा बघत नाही. गुगलच्या चिठ्ठीची मुदत तासाभराची असते, आणि वेबसाइटने दिलेला बिल्ला महिनाभर चालू शकतो. तिसरं नातं वेबसाइटचं आणि गुगलचं, तुमच्या पाठीमागचं. तुमचं कॅलेंडर किंवा फायली बघायची परवानगी घेतली असेल तर तिच्यासाठी वेबसाइटच्या हातात वेगळं टोकन असतं, आणि ते तुम्ही झोपलेले असतानाही चालतं.

तीन नाती, आणि पडद्यावर 'लॉगआउट' हा एकच शब्द. तो यातलं कुठलं नातं तोडतो? बहुतेक ठिकाणी फक्त दुसरं.

नेट कॅफेचं किंवा महा ई-सेवा केंद्राचं उदाहरण घ्या. प्रवेशाचे दिवस आहेत, रांग लागली आहे. एक मुलगी येते, एखाद्या अभ्यासाच्या वेबसाइटवर गुगलच्या बटणाने शिरते, काम झालं की प्रामाणिकपणे 'लॉगआउट' दाबते आणि जाते. पुढचा मुलगा बसतो, त्याच वेबसाइटवर तेच बटण दाबतो. पासवर्ड विचारलाच जात नाही. फार तर गुगल तिचं नाव दाखवून 'याच खात्याने पुढे जायचं का' म्हणतं, आणि एका टिचकीत तो तिच्या खात्यात. कारण तिने वेबसाइटचं दार लावलं होतं, गुगलचं उघडंच होतं. याच्या उलटही होतं. कोणी हुशारीने गुगलमधून बाहेर पडतो, आणि वेबसाइटचा बिल्ला त्या संगणकावर तसाच राहतो. दोघांनीही सांगितलं तसंच केलं. चूक त्या एका शब्दाची आहे. ज्या घरात एकाच मोबाइलवर आई, मुलं आणि आजोबा सगळ्यांची कामं होतात, तिथे हे रोजचं आहे.

यावर उपाय सोपा आहे असं भासवणं बरोबर नाही. एखाद्या छोट्या वेबसाइटवर लॉगआउट केलं म्हणून तुमचं जीमेलही बंद झालं तर तुम्ही संतापाल, आणि ते रास्त असेल. म्हणजे सगळी नाती एकदम तोडणं हेही उत्तर नाही. पण मग निदान विचारा तरी! 'फक्त इथून बाहेर पडायचं की या संगणकावरच्या गुगलमधूनही?' हा मराठीत लिहिता येणारा एका ओळीचा प्रश्न आहे. तो आम्हाला जवळजवळ कुठेच दिसत नाही. आत घेताना रंगीत बटणं, बोधचिन्हं, सरकत येणारी खिडकी, आणि निरोपाच्या वेळी एक वाक्यही नाही.

हे केवळ कॅफेपुरतं असतं तर आम्ही इतका वेळ घेतला नसता. सप्टेंबर २०१८ मध्ये फेसबुकने जाहीर केलं की एका त्रुटीमुळे सुमारे ५ कोटी खात्यांची टोकनं चोरांच्या हाती लागली असावीत. पुढे तपासात हा आकडा ३ कोटींच्या आसपास आला. फेसबुकने त्या ५ कोटींची आणि खबरदारी म्हणून आणखी ४ कोटींची टोकनं रद्द केली. पण 'फेसबुकने लॉगिन' करून लोक ज्या इतर वेबसाइटांवर शिरले होते, तिथे त्यांनी दिलेल्या बिल्ल्यांचं काय? ज्या वेबसाइट फेसबुकची अधिकृत साधनं वापरून टोकन वरचेवर तपासत होत्या त्या सुरक्षित, असं फेसबुकने सांगितलं. ज्या तपासत नव्हत्या त्यांच्यासाठी वेगळं साधन बनवावं लागलं, आपले बाधित वापरकर्ते शोधा आणि तुम्हीच त्यांना बाहेर काढा म्हणून. या घटनेच्या जेमतेम महिनाभर आधी, ऑगस्ट २०१८ मध्ये, शिकागोच्या इलिनॉय विद्यापीठातल्या संशोधकांनी यूझनिक्सच्या सुरक्षा परिषदेत नेमका हाच प्रश्न मांडला होता. मूळ खातं चोराच्या हाती गेलं आणि मालकाने ते परत मिळवलं, तरी बाकीच्या वेबसाइटांवर शिरलेल्या चोराला हाकलायची सोय बहुसंख्य ठिकाणी नाही, हा त्यांचा निष्कर्ष. शीर्षकात त्यांनी 'सिंगल साइन-ऑफ, तू आहेस तरी कुठे' अशा अर्थाची हाक घातली होती.

आता बाहेर पडण्याचा दुसरा, जास्त खोल अर्थ. माणूसच चिठ्ठी देणारा बदलतो, किंवा चिठ्ठी देणारं दुकानच बंद होतं.

वेबसाइट बसवताना एक निर्णय घ्यावा लागतो, आणि तो कोणीतरी घाईत, दुपारच्या जेवणाआधी घेऊन टाकतो. आलेल्या माणसाची आपल्या वहीत नोंद कशाने करायची? चिठ्ठीत ईमेल असतो, आणि 'सब' नावाचा एक लांबलचक आकडा असतो. ईमेल वाचता येतो, म्हणून तोच घेतात. ओपनआयडी कनेक्टचा मसुदा स्पष्ट सांगतो की चिठ्ठी देणाऱ्याचं नाव आणि 'सब' या जोडीवरच विसंबा, ईमेलवर नको. का, ते जानेवारी २०२५ मध्ये ट्रफल सिक्युरिटी या कंपनीच्या संशोधकांनी दाखवून दिलं. बंद पडलेल्या एका स्टार्टअपचं डोमेन त्यांनी विकत घेतलं, जुन्या कर्मचाऱ्यांचे ईमेल पत्ते त्यावर पुन्हा उभे केले, आणि 'गुगलने लॉगिन' करून त्या कर्मचाऱ्यांच्या जुन्या खात्यांत शिरले. गप्पांच्या, बैठकांच्या, इतकंच काय, पगार आणि नोकरभरतीच्या सेवांमध्येही. माणसं गेली, कंपनी गेली, ईमेलचा पत्ता मात्र बाजारात विकायला उभा होता.

मग 'सब' घ्या आणि निश्चिंत व्हा? तसंही नाही, आणि इथे आमचं मत मसुद्याच्या अर्धं पाऊल पुढे जातं. 'सब' हा चिठ्ठी देणाऱ्याच्या मालकीचा आकडा आहे. तो गेला की आकडा निरर्थक. मायओपनआयडी नावाची सेवा होती. तिथे तुमची ओळख म्हणजे त्यांच्या डोमेनखालचा एक पत्ता. फेब्रुवारी २०१४ मध्ये सेवा बंद झाली आणि त्या ओळखी तिच्याबरोबर संपल्या. याउलट मोझिलाची पर्सोना. तीही चालली नाही, ३० नोव्हेंबर २०१६ ला बंद झाली. पण तिने ओळख ईमेलवर उभी केली होती, त्यामुळे वेबसाइटांकडे लोकांचे पत्ते होतेच आणि त्यांना दुसऱ्या वाटेने आत घेणं शक्य झालं. अयशस्वी रचना, पण निरोप सभ्य. म्हणजे ईमेल माणसाबरोबर हलतो पण दुसऱ्याच्या हाती जाऊ शकतो, 'सब' दुसऱ्याच्या हाती जात नाही पण माणसाबरोबर हलतही नाही. दोन्ही ठेवावे लागतात. रोजच्या प्रवेशासाठी 'सब', आणि संकटकाळासाठी वापरकर्त्याने स्वतः पडताळून दिलेली दुसरी वाट. ज्या वेबसाइटवर आत यायला फक्त एकच कंपनीचं बटण आहे आणि दुसरं काहीच नाही, तिथे वापरकर्त्याचं गुगल खातं कुठल्याही कारणाने बंद झालं की त्याची वही, पावत्या, प्रमाणपत्रं सगळं कुलूपबंद. गुगलला त्या वेबसाइटशी देणंघेणं नाही, वेबसाइट म्हणते आम्ही तुम्हाला ओळखत नाही.

ॲपलकडे दोन गोष्टी बऱ्या दिसतात. एखादं ॲप एका कंपनीने दुसरीला विकलं तर ॲपलचे हे आकडे बदलतात. त्यासाठी जुन्याचा नव्याशी मेळ घालायला एक हस्तांतरणाचा आकडा मिळतो, ६० दिवसांसाठी. आणि ३० जून २०२२ पासून ज्या ॲपमध्ये खातं उघडता येतं त्यात ते मिटवताही आलं पाहिजे, आणि ॲपलच्या साइन-इनने आलेल्याचं खातं मिटवताना टोकनही रद्द केलं पाहिजे, असा दंडक आहे. ॲपल हे धर्मादाय वृत्तीने करतं असं आम्ही समजत नाही. पण सक्ती झाल्यावर सगळ्यांना मागचं दार बांधायला जमलं, हे लक्षात घ्या.

आपल्याकडे २०२२ साली 'मेरी पहचान' नावाने राष्ट्रीय सिंगल साइन-ऑन सुरू झालं. डिजिलॉकर, ई-प्रमाण आणि जन परिचय यांपैकी एका ओळखीवर अनेक सरकारी सेवा. दहा खात्यांचे दहा पासवर्ड एका चिटोऱ्यावर लिहून पाकिटात ठेवणाऱ्या माणसाला ही खरी सोय आहे. पण आपल्याकडे ओळखीची दोरी बहुतेक वेळा मोबाइल नंबरला आणि त्यावर येणाऱ्या ओटीपीला बांधलेली असते, आणि रिचार्ज न केलेला नंबर बंद होऊन काही महिन्यांनी दुसऱ्याला दिला जातो. बंद पडलेल्या कंपनीच्या डोमेनची गोष्ट आठवा. तीच इथे सिमकार्डाच्या रूपात आहे, आणि डोमेन निदान विकत तरी घ्यावं लागतं.

२०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात कलम ६ मध्ये एक चांगली अट आहे. संमती मागे घेणं हे संमती देण्याइतकंच सोपं असलं पाहिजे. हे वाक्य लॉगिनच्या पानाला लावून पाहा. संमती दिली एका टिचकीत. मागे घ्यायची तर गुगलच्या खात्यात, सुरक्षेच्या पानात, जोडलेल्या ॲप्सच्या यादीत जाऊन नाव शोधायचं, आणि तिथून काढलं तरी वेबसाइटने साठवलेला तुमचा फोटो, नाव, ईमेल तिच्याकडे राहतोच.

तुमच्यापैकी जे कोणी हे बटण बसवणार आहेत, किंवा दुसऱ्याकडून बसवून घेणार आहेत, त्यांच्यासाठी. परत येण्याचा पत्ता अक्षरशः जुळला पाहिजे, पीकेसीई चालू ठेवा, वगैरे गोष्टी तुमची लायब्ररी सांभाळेल, त्यावर आम्ही वेळ घालवत नाही. परवानगी मागताना नाव आणि ईमेलच्या पुढे जाऊ नका. बिल्ल्याची मुदत स्वतः ठरवा, लायब्ररीत आली तशी राहू देऊ नका. संस्थेचं स्वतःचं कीक्लोक असेल तर बॅक-चॅनल लॉगआउट चालू करा. त्यात निरोप ब्राउझरला बगल देऊन थेट सर्व्हरकडून सर्व्हरकडे जातो. गुगलचं बटण असेल तर त्यांची क्रॉस-अकाउंट प्रोटेक्शन ही सेवा खातं चोरीला गेल्याचे, सेशनं रद्द झाल्याचे निरोप पाठवते. ते ऐकणारा कोड कोणीतरी लिहावा लागतो, आणि कामाच्या अंदाजपत्रकात तो सहसा नसतो. तो घाला.

आणि काम ताब्यात घेताना फक्त 'लॉगिन होतंय' एवढं बघून सही करू नका. लॉगआउट दाबा, मग ब्राउझरचं मागे जाण्याचं बटण दाबा, काय दिसतं बघा. पुन्हा लॉगिनचं बटण दाबा, कोण म्हणून आत जाता ते बघा. चाचणीसाठी काढलेलं एक खातं गुगलमधून मिटवून टाका आणि दुसऱ्या फोनवर आधीच उघडलेलं तेच खातं किती दिवस चालू राहतं ते मोजा. शेवटी त्या खात्यातली माहिती परत मिळवण्यासाठी वेबसाइटच्या मदत-पत्त्यावर पत्र लिहा, आणि उत्तर कोण देतं, काय देतं, ते पाहा.

आता प्रश्न घेऊ.